पाखरांची वाट धरताना

५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. पाच तारीख निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्माची, बारा तारीख पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अलींच्या. लातूर जिल्ह्यातल्या आपल्या शिरूर अनंतपाळ तालुक्याच्या शिवारात या दिवसांत सोयाबीन निघून गेलेले असते, रब्बीची पेरणी आटोपत आलेली असते आणि संध्याकाळी भोरड्यांचे थवे आभाळ व्यापून टाकतात. सप्ताहानिमित्त शाळांतून चित्रे काढली जातील, भाषणेही होतील. आम्हाला मात्र बोलायचे आहे ते एका भीतीविषयी.

आपला जिल्हा ‘लातूर पॅटर्न’चा. दहावीत बरे गुण पडले की पोराला लातूरला खोली करून द्यायची आणि वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ची तयारी सुरू करायची, हे घरोघरी ठरलेले आहे. अशा घरातल्या मुलाने किंवा मुलीने ‘मला पाखरांचा अभ्यास करायचाय’ म्हटले, तर पहिला प्रश्न येतो, ‘त्यानं पोट भरतंय का?’ या प्रश्नाला हसू नये. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाला धोपट वाट सोडण्याची धास्ती वाटणारच. दुष्काळाने शिकवलेली सावधगिरी आहे ती.

पण हीच धास्ती सालिम अलींच्याही वाट्याला आली होती. ब्रह्मदेशातला घरचा धंदा बुडाला होता. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातल्या कामावरून रजा घेऊन ते बर्लिनला पक्षिशास्त्र शिकायला गेले आणि १९३० मध्ये परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिसर्वेक्षणाचे दारही बंद. चौतिसावे वर्ष चालू, संसार मांडलेला, हाताला काम नाही. एखादी कारकुनी पत्करून ते मुकाट बसले असते, तरी कुणी नावे ठेवली नसती. ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि त्या पावसाळ्यात सुगरणीची वसाहत न्याहाळत बसले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, तिला पसंत पडले तरच तो ते पुरे करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवे विणायला घेतो, हे त्यांनी तिथे टिपले. आपल्याकडे विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी घरटी याच पाखराची.

पुढे निझामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी त्यांनी हाती घेतली. पगार नको, फक्त खर्च द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. निलंगा-उदगीरकडचा आपला हा मुलूख तेव्हा त्याच संस्थानातल्या बिदर जिल्ह्यात होता. या भटकंतीत पत्नी तेहमिना त्यांच्यासोबत तंबूत राहिल्या. आम्हाला या कहाणीत सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. सालिम अलींच्या धाडसाचे कौतुक आपण नेहमी करतो, पण ते धाडस निभावले ते घरच्या माणसाने भीती वाटून घेतली म्हणून. आपल्याकडे नेमके तिथेच अडते. पोराला एकट्याला घाबरायला सोडले जाते, आणि एकट्याच्याने ते झेपत नाही.

या तालुक्याला अशा पोरांची गरज आहे. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, म्हणजे इथले वन्यजीवन माळावर, गायरानात, नदीकाठी आणि साकोळ-घरणीच्या जलाशयांभोवती तगून आहे. माळटिटवी, धाविक, चंडोल ही पाखरे उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. त्या माळातून मुरूम उपसला की त्यांचे घर जाते. तितकेच नुकसान वृक्षारोपणाच्या हौसेने गवताळ माळ खड्ड्यांनी भरल्यानेही होते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. कुठे झाड लावावे आणि कुठे गवत राखावे, हे सांगणारे माणूस याच मातीत वाढलेले हवे. काळविटांच्या कळपाने ज्वारी तुडवली तर शेतकऱ्याला काय वाटते, हे त्याला कुणी समजावून सांगावे लागणार नाही.

वाटा आहेत. वनरक्षकाची भरती आहे, लोकसेवा आयोगाची वनसेवा परीक्षा आहे, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत पदव्युत्तर शिक्षण आहे. या वाटा डॉक्टरकीएवढ्या सरळ नाहीत आणि पैसाही तितका नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

आई-वडिलांना म्हणून एवढीच विनंती. या सप्ताहातल्या एका सकाळी मुलांना घेऊन साकोळच्या पाण्यावर जा, थंडीला आलेली बदके त्यांच्यासोबत बघा. मुलांपैकी एखादीने ‘मला हेच करायचंय’ म्हटले, तर नाही म्हणण्याआधी तिचे पुरते ऐकून घ्या. आणि ग्रामपंचायतींनी यंदा आपल्या गायरानाचा एक तुकडा तरी खड्डे न खोदता गवतासाठी राखून ठेवावा.