आधी धूळ, मग गॅस

तुरीची रास उरकली की फेब्रुवारीत आळंदपासून भालकीपर्यंत हवेत भुसकट उडत असते. त्यात कलबुर्गीच्या डाळमिलची पूड, सेडम-शहाबादकडची सिमेंट आणि फरशीची पांढरी धूळ, बीदरच्या पठारावरची तांबडी माती. हिवाळाभर बंद असलेल्या एसीच्या बाहेरच्या युनिटवर हे सगळं थर धरून बसतं. एप्रिलमध्ये खोली गार होत नाही म्हणून आपण मेकॅनिकला बोलावतो. तो पाच मिनिटं बघतो आणि म्हणतो, ‘गॅस कमी झालाय.’ आपण मुकाट्याने पैसे देतो.

हे थांबवा, असं मला कळकळीने सांगायचं आहे. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या जाळीतून हवेत सोडतो. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. बऱ्याचदा नळी जोडलेल्या नटापाशीच. साबणाचा फेस लावला तर बुडबुडे दिसतात. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणारच. शिवाय नव्या यंत्रांतला आर-३२ हा गॅस हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट उष्णता धरतो.

बहुतेक घरांत खरा दोष जाळीतल्या धुळीचा असतो. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. कलबुर्गीत मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, म्हणजे यंत्राची आधीच दमछाक. त्यात जाळी बुजली, वर कोणी चोरीच्या भीतीने चारही बाजूंनी पत्रा ठोकला, तर गरम हवा बाहेर पडणार कुठून?

याचा फटका थेट बिलावर बसतो. दीड टनाचा एसी पूर्ण भाराने चालला तर तासाला साधारण दीड युनिट घेतो. इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर वेग उतरवून खूप कमी घेतो, पण बुजलेल्या यंत्राची खोली गारच होत नाही, मग कॉम्प्रेसर रात्रभर तसाच धावतो. रोज सात तास धरले तरी महिन्याला ३०० च्या वर युनिट झाले. जुलै २०२३ पासूनच्या गृहज्योती या मोफत वीज योजनेत २०० युनिटच्या आत राहिलं, तर फक्त आपल्या ठरलेल्या सरासरीच्या वरचे पैसे भरावे लागतात. २०० ओलांडले की जेस्कॉम या वीज कंपनीचं पूर्ण बिल हातात. उन्हाळ्यात ही रेष ओलांडायला एक मळकी जाळीसुद्धा पुरते.

आतले फिल्टर आपले आपण काढावेत, आपल्याकडच्या धुळीत दर पंधरा दिवसांनी, साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवून. बाहेरच्या युनिटसाठी मेन स्विच बंद करून मऊ ब्रशने कोरडी धूळ आधी झाडायची, मगच हलक्या धारेने पाणी. जोरदार धारेने ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या वाकतात आणि वाकलेल्या पात्यांतून हवा जात नाही. बोअरचं पाणी जड असेल तर ते पात्यांवर पांढरे डाग सोडतं. गोडं पाणी मिळालं तर बरं. ॲसिड कोणी आणलं तर सरळ नको म्हणा.

पाणी जाण्याची नळीही बघा. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत पाणी फारसं जमत नाही, म्हणून तुंबलेली नळी मेमध्ये लक्षात येत नाही. जुलैत हवा दमट झाली की भिंतीवरून ओघळ येतात. आणि रिमोट १८ वर नेऊ नका. जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ वरच सुरू होतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशोबाने एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. वर पंखा लावला तर २६ अंशांतही झोप लागते.

दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. शिवरात्रीच्या सुमारास तो मोकळा असतो, तेव्हा आपण बोलावत नाही. मेमध्ये त्याला एका दिवसात दहा घरं करायची असतात. गॅसचे पैसे आपण निमूट देतो आणि तासभर खपून जाळी धुणाऱ्याशी मात्र शंभर रुपयांवरून हुज्जत घालतो. आयटीआयमध्ये दोन वर्षं हाच ट्रेड शिकून आलेली पोरं गळती शोधू शकतात, गॅस काट्यावर तोलून भरू शकतात. त्यांच्या त्या तासाचे पैसे आपण द्यायला हवेत, आणि बोलवायचं ते होळीच्या आधी.