परवानगी आपली, मजुरी तिची

हळद, साखरपुडा, बारसे, वाढदिवस, डोहाळजेवण. आपल्या चाळीत किंवा वस्तीत यांपैकी काही ना काही सतत चालूच असते. कार्यक्रम म्हटला की घरात कामाची माणसे येतात. नवरीला सजवणारी पार्लरवाली ताई, मेंदी काढणारी मुलगी, भाजी-पुरीला मावश्या, गाण्याची पार्टी आणि स्पीकरवाला. त्या एका दिवसाच्या मजुरीवर यांची चूल पेटते. मध्येच एखादा सरकारी नियम आडवा आला तर घरवाल्यांची हौस राहून जाते, पण या माणसांचे पोट मारले जाते. म्हणून हे नियम प्रत्येक कुटुंबाने समजून घेतले पाहिजेत.

प्रथम आवाजाचे पाहू. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे लेखी परवानगीशिवाय लाऊडस्पीकर लावता येत नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात तो उघड्यावर पूर्ण बंद. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते, परंतु ते दिवस सरकार ठरवते. आपल्या घरच्या हळदीसाठी ती सूट वेगळी मागता येत नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. "स्पीकर माझ्या घरात आहे, कोणाचे काय जाते?" असे पुष्कळ जण म्हणतात. तेही चालत नाही. खाजगी जागेच्या हद्दीवर मोजलेला आवाज त्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त भरता कामा नये.

दुसरा प्रश्न मंडपाचा. घरासमोरच्या रस्त्यावर मंडप घालायचा तर पालिकेची परवानगी लागते. रस्ता अडत असेल तर वाहतूक पोलिसांनाही विचारावे लागते. "दोनच तासांचा कार्यक्रम आहे" हे उत्तर तिथे चालत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. हे नियम आवाजाला आणि सार्वजनिक जागेला लागू आहेत, घरात बसून होणाऱ्या कामाला नाहीत. नवरीचा मेकअप, मेंदी, केस कापणे, बाळ-बाळंतिणीची मालीश यांसाठी लाऊडस्पीकरची किंवा मंडपाची परवानगी लागत नाही. तरीही पुष्कळ घरांत काय होते? स्पीकरची परवानगी मिळाली नाही की सगळाच बेत मोडतात आणि मेंदीवालीला आदल्या रात्री "येऊ नको" म्हणून सांगतात. तिने तो दिवस आपल्यासाठी राखलेला असतो, दुसरे काम सोडलेले असते. स्पीकर नसला तरी मेंदी रंगते, हे ध्यानात ठेवावे.

नियमाचा फटका किती खोल जातो हे करोनाच्या काळात आपण सर्वांनी पाहिले. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात पार्लर आणि केशकर्तनालये बंद झाली. २२ एप्रिलपासून लागू झालेल्या आदेशाने लग्न २५ माणसांत, एकाच सभागृहात आणि दोन तासांत उरकण्याचे बंधन आले. मोडणाऱ्याला ५० हजार रुपये दंड होता. रोग पसरू नये म्हणून ते बंधन आले हे खरे. पण लग्न लहान झाले तसे सजवणारी, वाढणारी, वाजवणारी माणसे घरी बसली. त्याच महिन्यात सरकारने घरेलू कामगार, बांधकाम कामगार, फेरीवाले यांना १५०० रुपयांची मदत जाहीर केली, ती नोंदणी असलेल्यांना. ज्यांचे नाव कोणत्याच दप्तरात नव्हते त्यांचा हिशेब कोणी मांडायचा?

म्हणून यजमानांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१) अर्ज आपण स्वतः आणि वेळेवर करावा. तारीख ठरली की पोलीस ठाण्यात व पालिकेच्या कार्यालयात चौकशी करावी. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. स्पीकरवाल्यावर सोडून मोकळे होऊ नये. पोलिसांनी सामान जप्त केले तर त्याचे भांडवल अडकते.

२) गाणे रात्री १० च्या आत संपेल अशी वेळ पार्टीला आधीच सांगावी. आपण उशिरा सुरू करून ठरलेले पैसे कापू नयेत.

३) ठरलेली रक्कम आणि आगाऊ दिलेले पैसे वहीत लिहून दोघांनी सही करावी. कार्यक्रम रद्द झाला तर किती द्यायचे हेही त्यातच लिहावे.

४) रात्री काम संपवून निघणाऱ्या बाईला सोबत द्यावी. ती आपल्या घरी कामाला आलेली कोणाची तरी लेक आहे.

आणि कामाला जाणाऱ्या भगिनींनो, आपले नाव सरकारी दप्तरात घाला. ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू आहे. वय १६ ते ५९ असावे, आधार कार्ड लागते आणि नोंदणीला पैसे पडत नाहीत. मेंदी काढणारी, स्वयंपाक करणारी, मालीश करणारी, सर्वांनी ती करावी. धुणीभांडी करणाऱ्या बहिणींनी घरेलू कामगार कल्याण मंडळाकडेही नाव नोंदवावे.

नियम पाळलाच पाहिजे. शेजारच्या खोलीत परीक्षेचा मुलगा असतो, आजारी म्हातारे माणूस असते. पण नियम पाळण्याचा खर्च ज्याच्या घरी कार्य आहे त्याने सोसावा. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईच्या पदरात तो टाकू नये.