टीवायवाले गेले, आता कोर्टवर कोण?

परीक्षा संपली की कॉलेजात दोन याद्यांची वेळ होते. एक निकालाची, तिची वाट सगळेच बघतात. दुसरी जिमखान्यातल्या वहीत असते: टीममध्ये उरलं कोण? ही दुसरी यादी बहुतेक ठिकाणी थेट ऑगस्टमध्ये उघडली जाते, आणि पुढच्या सीझनची निम्मी हार तिथेच ठरते.

आमच्याच कॉलेजची बास्केटबॉल टीम घ्या. नाव मुद्दाम टाळतोय, कारण कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत बऱ्याच टीम्सची कहाणी अशीच आहे. मागच्या सीझनमधल्या पहिल्या पाचांपैकी तिघं टीवायचे होते: पॉइंट गार्ड, सेंटर आणि एक फॉरवर्ड. तिघंही बाहेर पडले. उरले दोन शूटर आणि बेंचवर बसून बसून वैतागलेली एसवायची पोरं.

उंचीपेक्षा डोकं महाग

सगळ्यांना चिंता सेंटरची आहे. 'सहा फुटी कुठून आणायचा?' माझ्या मते खरा खड्डा पॉइंट गार्डचा पडलाय. बॉल आठ सेकंदांत अर्धा कोर्ट ओलांडून न्यायचा, चोवीस सेकंदांत शॉट घ्यायचा आणि त्यातच समोरच्या टीमचा डाव ओळखायचा, हे काम दोन आठवड्यांच्या प्रॅक्टिसमध्ये येत नाही. उंच सेंटर नसेल तर वेगवान खेळ करता येतो, बाहेरून शॉट वाढवता येतात. बॉल पुढे नेणाराच नसेल तर शूटर नुसते हात वर करून उभे राहतात.

मग नवा गार्ड कुठून येणार? बहुतेक वेळा त्याच ग्राउंडवरून. ज्युनिअर कॉलेजची अकरावी-बारावीची मुलं १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा त्याच कोर्टवर खेळून तयार झालेली असतात. पण बारावीनंतर कोणी इंजिनीअरिंगला जातं, कोणी पुण्याला. जे थांबतात त्यांना 'सीनिअर टीममध्ये ये' असं वेळेत कोणी सांगतच नाही.

मुलींच्या टीमचं दुखणं आणखी वेगळं. नियमाप्रमाणे बारा जणींची टीम करता येते, पण अनेकदा सहा-सातच जमतात. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. दोघी-तिघी अशा बाहेर गेल्या तर उरलेल्या चौघींनी पूर्ण टीमशी खेळायचं. इथे लाइनअप कसला ठरवणार, आधी संख्या जमवायची.

चौथ्या वर्षाचं गणित

एक गोष्ट मात्र बदलतेय. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ मध्ये संलग्न कॉलेजांत प्रवेश घेतलेल्या बॅचला तीन वर्षांनंतर ऑनर्ससाठी चौथं वर्ष करता येईल. म्हणजे २०२६-२७ मध्ये टीवायला असलेला चांगला खेळाडू २०२७-२८ मध्येही टीममध्ये दिसू शकतो. अर्थात त्याच्या विषयाला कॉलेजात चौथं वर्ष हवं आणि घरच्यांनी 'नोकरीचं बघ' म्हणायला नको. शिवाय नव्या रचनेत खेळाला सहशालेय अभ्यासक्रमात क्रेडिट्स आहेत. घरी पटवून द्यायला हा मुद्दा बरा पडतो.

कोच आहे की नुसते सर?

आता मोठा प्रश्न. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक साधारण एकच असतात. कबड्डी, क्रिकेट, मैदानी स्पर्धा, फॉर्म भरणं, टीमसोबत प्रवास, सगळं त्यांच्याच डोक्यावर. बास्केटबॉलसाठी वेगळा कोच आला तरी तो मानधनावर, तोही स्पर्धेच्या तोंडावर. बाकी वर्षभर कोणीतरी माजी खेळाडू नोकरी सांभाळून संध्याकाळी येतो. तो आला तर प्रॅक्टिस, नाही तर नुसती मॅच.

टिकून राहिलेला एक कोच काय करू शकतो, हे नाशिकला कोणी शिकवायला नको. विजेंदर सिंग यांनी भोसलाच्या मैदानावर वर्षानुवर्षं धावपटू घडवले. त्यातल्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये ब्राँझ आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत सिल्व्हर मिळवलं. संजीवनी जाधवने २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत याच अंतराला सिल्व्हर आणलं. धावणं वैयक्तिक आणि बास्केटबॉल सांघिक, हे मान्य. पण टीमला तर एकाच माणसाची सलग सोबत जास्त लागते, कारण दरवर्षी खेळाडू बदलतात. कोचही बदलला तर टीमची आठवण ठेवणारं कोणीच उरत नाही.

पावसाआधीचे दिवस

अमेरिकेत कॉलेज सीझन संपताच कोण कुठे चाललं याची चर्चा टीव्हीवर रंगते. आपल्याकडे तेवढा पैसाही नाही आणि गाजावाजाही नाही. पण कॅलेंडर तरी आपल्या हातात आहे. आपली बरीच कोर्ट्स उघडी, सिमेंटची. जूनमध्ये पाऊस लागला की ती निसरडी होतात आणि पाऊस ओसरेपर्यंत झोनल दारात आलेली असते. तिथे जिंकलं तर आंतरविभागीय, तिथे चमकलं तर विद्यापीठाच्या टीममधून पश्चिम विभाग. ही शिडी दोन आठवड्यांच्या तयारीवर चढता येत नाही.

म्हणून तीन गोष्टी आत्ताच व्हाव्यात. सुट्टीत नाशिकमध्येच असलेल्यांनी पाऊस लागण्याआधी सकाळचा तास सुरू करावा. बारावीच्या खेळाडूंना प्रवेशाआधीच फोन जावा. आणि कोचचं मानधन एका स्पर्धेपुरतं न ठेवता वर्षभराचं करावं, अशी लेखी मागणी टीमने प्राचार्यांकडे द्यावी. पहिल्या दोन गोष्टींना कुणाची परवानगी लागत नाही. तिसरी कदाचित फेटाळली जाईल, पण आजवर ती कागदावर मागितली किती जणांनी?

यंदा आमची टीम झोनलमध्ये फार पुढे जाईल असं वाटत नाही. एसवायमधला एक बुटका, बडबड्या पोरगा मात्र बेंचवरून सतत ओरडून सगळ्यांना जागा सांगत असतो. त्याला आजपासून बॉल द्या. पुढच्या वर्षीचा पॉइंट गार्ड तोच असेल.