उंबरठ्यावरील दिवा

आमच्या आंबेनळीच्या बाजूस भातकापणी झाली, कीं मोकळ्या शेतांत मुलांचा चेंडूचा खेळ सुरू होतो. परवां तेथें तंटा उभा राहिला. गोल राखावयास कोणीच तयार होईना! "दहा चेंडू अडविले तर कोणी विचारीत नाहीं, एक सुटला कीं सर्वांच्या शिव्या," असें एका मुलाचें म्हणणें पडलें. त्यास आम्हीं गोमंतकांतील श्री. ब्रह्मानंद शंखवाळकर यांची हकीकत सांगितली. तीच वाचकांस सादर करतों.

शंखवाळकरांचा जन्म १९५४ सालचा. १९७४ च्या सुमारास ते वास्कोच्या साळगावकर संघांत आले, आणि पुढें एका तपाहून अधिक काळ त्या संघाचें द्वार त्यांनीं राखिलें. अखेरीस ते अन्यत्रहि खेळले. परंतु ऐन उमेदीचीं वर्षें एकाच ठिकाणीं वेंचिलीं. गोव्यानें १९८३ सालीं बंगालसह व १९८४ सालीं एकट्यानें संतोष करंडक मिळविला, त्या काळचे गोव्याचे गोलरक्षक तेच. भारतीय संघाचें नायकत्वहि त्यांजकडे आलें. १९९७ सालीं अर्जुन पुरस्कार व २०२२ सालीं पद्मश्री त्यांस मिळाली.

गोलाची रुंदी ८ यार्ड, उंची ८ फूट. दंडाचा चेंडू येतो तो अवघ्या १२ यार्डांवरून. एवढी जागा एकटा मनुष्य केवळ चपळाईनें राखूं शकत नाहीं. आपला कोणता गडी कोणत्या बाजूस कच्चा आहे, कोणास केव्हां हांक द्यावी, हें त्यास ठाऊक असावें लागतें. आणि तें ज्ञान सहवासानेंच येतें. एकनिष्ठा हा नुसता सद्गुण नव्हे, तें कसब आहे.

एकत्र कुटुंबांतहि असा एक गोलरक्षक असतो. भाऊ मुंबईस जाऊन नांव कमावितात. तो शेत, देवघर आणि वृद्ध मातापितरें सांभाळतो. वाटणीच्या वेळीं मात्र हिशेब त्यासच विचारला जातो! आमचे वडील बंधु घरीं राहिले, म्हणून आम्ही शिकलों. हें त्यांच्या हयातींत आम्हीं त्यांस एकदांहि बोलून दाखविलें नाहीं; आतां त्याचा पश्चात्ताप होतो.

शास्त्रकारांचा देहलीदीपन्याय प्रसिद्ध आहे. उंबरठ्यावरील दिवा आंत आणि बाहेर दोहींकडे उजेड देतो. वाचकहो, आपल्या घरचा तो दिवा कोण, हें ओळखा. आणि तो तेवत आहे तोंवरच त्यास तसें सांगा.