ठोकळ्यांतील कैलास

दिवाळीची सुटी लागली की अंगणाच्या कोपऱ्यात दगडविटा रचावयाच्या, त्यांवर चिखल थापावयाचा, उतारावर हळीव पेरावयाचे आणि माथ्यावर मातीचे शिवराय बसवावयाचे, हा महाराष्ट्रातील मुलांचा जुना उद्योग आहे. हातपाय चिखलाने भरले म्हणून घरची वडील माणसे रागावत; परंतु किल्ला पुरा झाला म्हणजे तीच माणसे शेजाऱ्यांना तो पाहावयास बोलावीत. छत्रपती संभाजीनगरातील ज्या मुलांच्या वाट्यास आज अंगण येत नाही, त्यांची ही रचण्याची हौस संगणकाच्या नि मोबाइलच्या पडद्यावर गेली आहे.

'माइनक्राफ्ट' हा खेळ स्वीडन देशात जन्मास आला. २००९ साली तो प्रथम लोकांपुढे आला व २०११ साली पूर्ण झाला. त्यातील डोंगर, झाडे, माती, सारे काही घनाकृती ठोकळ्यांचे असते. प्रत्येक ठोकळ्याची बाजू एक मीटर मानलेली आहे. ठोकळा फोडावा, उचलावा आणि हवा तेथे बसवावा. या खेळाचा एक प्रकार केवळ रचनेसाठी ठेवलेला आहे. त्यात भूक नाही, शत्रूंचे भय नाही, आणि ठोकळे कधी संपत नाहीत.

हा सारा कालापव्यय आहे, असे पुष्कळ पालक म्हणतात. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खरे नाही. डेन्मार्कच्या सरकारी नकाशा-खात्याने २०१४ साली आपला संपूर्ण देश या ठोकळ्यांत जसाच्या तसा उभा केला. (काही व्रात्य खेळाडूंनी त्यात सुरुंग लावले, ही गोष्ट निराळी!) संयुक्त राष्ट्रसंघाची वस्तीविषयक संस्था २०१२ पासून याच खेळाच्या साहाय्याने गरीब वस्त्यांतील लोकांकडून त्यांच्या मैदानांचे व चौकांचे आराखडे करवून घेत आली आहे. नैरोबी शहरातील किबेरा ही त्यांपैकी एक वस्ती. ज्यांना कागदावरील नकाशा वाचता येत नाही, त्यांनाही ठोकळा कोठे बसवावा हे कळते.

तथापि पालकांची तक्रार अगदीच निराधार आहे, असेही नव्हे. बहुतेक मुले रचतात काय? हिऱ्यांचे राजवाडे, काचेचे मनोरे! ठोकळा सरकविला काय अन् न सरकविला काय, त्या राजवाड्याचे काही बिघडत नाही. जेथे चुकताच येत नाही, तेथे डोके चालविण्याचे कारणच उरत नाही. संभाजीनगरच्या मुलाला याहून पुष्कळ चांगले काम हाताशी आहे. त्याच्या शहरापासून अवघ्या तीस किलोमीटरांवर वेरूळचे कैलास लेणे आहे.

आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, हे लेणे मुख्यत्वे घडले. त्यास मंदिर म्हणतात. परंतु ते बांधलेले नाही. पाथरवटांनी डोंगराच्या माथ्यावरून काळ्या पाषाणात खाली खोदत जाऊन सुमारे ८४ मीटर लांब व ४७ मीटर रुंद असा खड्डा पाडला, आणि मधोमध राखलेल्या कातळातून मंदिर कोरून काढले. मागील बाजूस हा खड्डा सुमारे ३३ मीटर खोल आहे. आधी कळस, मग शिखर, मग मंडप, आणि शेवटी जोत्यावरचे हत्ती! कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त याविषयी एक गोड कथा आहे. कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असा राणीने पण केला होता. तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या शिल्पकाराने कळसापासूनच काम आरंभले. ती दंतकथा असेल. पण तीत कामाची रीत अचूक सांगितली आहे.

म्हणून ज्यास ठोकळ्यांत कैलास करावयाचा असेल, त्याने तो खालून वर रचू नये. आधी ठोकळ्यांचा एक भरीव डोंगर उभा करावा, आणि मग माथ्यावरून खोदीत खाली यावे. तयार झालेले रूप दोन्ही रीतींनी सारखेच दिसेल. मग हा खटाटोप कशासाठी? रचताना एखादा हत्ती विसरला तर तो मागाहून बसविता येतो. खोदताना मात्र, जेथे पुढे हत्ती यावयाचा आहे तेथील दगड शिखर कोरतानाच मनाशी राखून ठेवावा लागतो. मंडपाला सोळा खांब आहेत. छताखालचा दगड काढावयास आरंभ करण्यापूर्वी त्या सोळांची जागा ठरलेली असली पाहिजे. खेळात फुटलेला ठोकळा पुन्हा लावता येतो, हे खरे. पण तो लावावयाचा नाही, हा नियम खेळणाऱ्याने आपणच आपल्याला घालून घ्यावा. सात-आठ दिवसांच्या श्रमानंतर चुकीच्या जागी एक घाव पडला, आणि तो परत घ्यावयाचा नाही असे ठरलेले असले, म्हणजे वेरूळच्या पाथरवटाच्या मनाची थोडीशी ओळख पटते. बडोद्यास सापडलेल्या, इ. स. ८१२ च्या सुमाराच्या एका ताम्रपटात असे वर्णन आहे, की हे मंदिर पाहून प्रत्यक्ष त्याचा कर्ताच विस्मित झाला. हे आपल्या हातून कसे घडले, हे त्यास उमगेना.

एक गोष्ट मात्र हा खेळ मुळीच शिकवीत नाही, ती म्हणजे वजन. काळ्या पाषाणाचा एक घनमीटर जवळजवळ तीन टन भरतो. खेळातील गड्याच्या पाठुंगळीस छत्तीस खण असतात आणि एकेका खणात चौसष्ट ठोकळे मावतात. म्हणजे २,३०४ ठोकळे, सुमारे सात हजार टन! एवढे ओझे घेऊन तो धावतो, उड्यादेखील मारतो. कैलासासाठी सुमारे दोन लक्ष टन दगड काढला गेला, असा एक अंदाज आहे. तो या गड्याने तीस फेऱ्यांत हलविला असता. खेळात वाळूसारखे थोडेच ठोकळे खाली पडतात. दगड अधांतरी राहतो. कैलासाच्या प्राकारातील दालनांना मंदिराशी जोडणारा दगडी पूल कोसळला आहे. खेळातला पूल कधीच कोसळणार नाही. पाण्याचेही तसेच. संभाजीनगरच्या पाणचक्कीचे पाणी मातीच्या नळांतून दूरच्या डोंगराकडून येते आणि भिंतीत चढून वरून खाली कोसळते. खेळातले पाणी सपाटीवर सात ठोकळे वाहून थांबते, आणि आपण होऊन वर तर चढतच नाही. तेव्हा पाणचक्की रचावयास घेणारा येथे हमखास अडेल. त्याने अडावेच; कारण मग खरे पाणी कसे चढते, हे विचारावयास तो पाणचक्कीवर जाईल.

कैलासाच्या बाबतीत तर तेथे गेल्यावाचून गत्यंतर नाही. छायाचित्रे बहुधा समोरून घेतलेली असतात आणि खोदावयाचे असते वरून. लेण्याच्या बाजूने डोंगरावर चढून गेले म्हणजे संपूर्ण खड्डा पायांखाली दिसतो. बरोबर चौकटींची वही न्यावी, एक चौकट म्हणजे एक मीटर धरावी, आणि प्रथम वरून दिसणारे शिखर व मंडपाचे छत उतरून घ्यावे. खांबांची व हत्तींची मोजदाद मग खाली उतरून करावी. जाण्यास एक अख्खा दिवस राखून ठेवावा, आणि तो मंगळवार नसावा. त्या दिवशी लेणी बंद असतात.