धंदा हिशेबाचा, हेव्याचा नव्हे!

नेऱ्याच्या शेतकरी बंधूंनो, २०१३ सालीं सिडकोच्या ‘नैना’ योजनेची रेघ तुमच्या शेतांवर पडली. जमिनीचा पैसा हातीं आला कीं एकजण डंपर घेतो, पाठोपाठ दहाजण घेतात. भाडें उतरतें, हप्ता मात्र उतरत नाहीं! यास धंदा म्हणावें काय? आधीं विचारा : गिऱ्हाईक कोण? तें आज ही गरज कोठें भागवितें? माल केवढ्यास पडतो? उधारी थकली तर किती महिने टिकाल? उत्तरें बाजारांत मिळतात, चावडीवर नव्हे. थोडका माल विकून पाहा, मगच कर्ज काढा. ‘व्यापार आगरी-कुणब्यांच्या रक्तांत नाहीं’ म्हणणारांस ठणकावून सांगा : जोतीराव फुले ठेकेदारी करीत, शाहू महाराजांनीं १८९५ त शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली. तेव्हां सातबारा सोडण्यापूर्वीं हिशेबाची वही उघडा!