सहलीचे सदस्यत्व आणि अडकलेली पुंजी



गेल्या पंधरवड्यात नाशिकच्या एका वाचकभगिनीचे पत्र आले. पत्र वडिलांच्या झोपेविषयी होते. वय बाहत्तर, तीन आठवडे रात्र रात्र जागरण, रक्तदाब वाढलेला. गोळी बदलून घ्यावी काय, असा प्रश्न होता. खरे कारण मात्र शेवटच्या चार ओळींत होते. वीस महिन्यांपूर्वी बाबांनी एका सहल-संस्थेचे सदस्यत्व घेतले होते. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेल्या रकमेतून 1,60,000 रुपये भरले. अद्याप एकही मुक्काम मिळालेला नाही, आणि संस्था पैसे परत करण्यास नकार देते. हे सारे लेकीला कळले ते शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर.

गोळीचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनी घ्यावा. मी त्या शेवटच्या चार ओळींविषयी लिहितो, कारण असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडून गेला असेल आणि त्याची वाच्यता झाली नसेल.

या व्यवहाराची रीत ठरलेली असते. एखाद्या प्रदर्शनात वा पेट्रोलपंपावर आपण सोडतीचे कूपन भरतो. काही दिवसांनी फोन येतो: आपल्याला भेटवस्तू लागली आहे, ती नेण्यासाठी पतिपत्नी दोघांनी अमुक हॉटेलात यावे, येताना क्रेडिट कार्ड आणावे. तेथे अर्ध्या तासाचा म्हणून सांगितलेला कार्यक्रम तीन तास चालतो. मोठ्या आवाजात संगीत, शेजारच्या टेबलावर कोणी सदस्य झाला की टाळ्या, समोर नातवाच्या वयाचा गोड बोलणारा मुलगा, आणि ‘हा दर फक्त आजच्यापुरता’ हे पालुपद. जेवणाची वेळ टळलेली, मधुमेहाची गोळी घरी राहिलेली. अशा अवस्थेत चांगला शहाणा मनुष्यही सही करून मोकळा होतो. त्यात वयाचा दोष मला फारसा दिसत नाही. कराराची प्रत हाती पडते ती कार्ड वापरून झाल्यावर. तोंडी दिलेली आश्वासने बंधनकारक नाहीत, रक्कम परत मिळणार नाही, आणि मुक्काम करा वा करू नका, वार्षिक देखभाल शुल्क द्यावेच लागेल, ही कलमे घरी चष्मा लावल्यावर दिसतात.

‘रक्कम परत मिळणार नाही’ हे वाचून बहुतेक जण तेथेच थांबतात. वास्तविक एवढ्या एका वाक्याने ग्राहकाचा हक्क संपत नाही. फसवून मिळवलेली संमती ही खरी संमती नव्हे, असा करार फसलेल्या पक्षाला रद्द करता येतो, हे तत्त्व 1872 च्या भारतीय करार कायद्यातच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 याने अनुचित व्यापारी प्रथा, दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी या तिन्हींविरुद्ध दाद मागण्याची सोय केली आहे. वाद लवादाकडेच न्यावा असे करारात लिहिलेले असते. पण त्यामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. संस्थेचे कार्यालय दिल्लीत असो की बंगळुरूत, आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करण्याची मुभाही 2019 च्या कायद्याने दिली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही मुभा किती मोलाची आहे, ते वेगळे सांगायला नको.

सही होऊन दोन-चार दिवसच झाले असतील, तर क्षणभरही दवडू नका. सदस्यत्व रद्द करीत असल्याचे ई-मेलने कळवा आणि तेच पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. काही करारांत ठरावीक दिवसांत रद्द करण्याची सवलत दिलेली असते, ते कलम शोधा. पैसे कार्डाने दिले असतील तर बँकेकडे त्या व्यवहाराबद्दल लेखी हरकत नोंदवा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. दरवर्षीचे शुल्क खात्यातून आपोआप कापले जात असेल तर ती परवानगी बँकेत जाऊन काढून घ्या. एक सावधगिरी मात्र बाळगावी. सदस्यत्वासाठी कर्ज काढले असेल, तर त्याचे हप्ते रागाच्या भरात थांबवू नका. ते देणे बँकेचे असते आणि वसुलीचे फोन आपल्यालाच येतात.

वीस महिने उलटून गेलेल्या बाबांचे काय? त्यांच्या बाबतीत तारीख सर्वांत महत्त्वाची. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे तक्रार दाखल करावी लागते. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण पटवून द्यावे लागते. मुक्काम नाकारला गेला त्या तारखेपासून मुदत मोजावी असे म्हणता येईलही. तथापि करारावरच्या तारखेपासून मोजणे हाच निर्धोक हिशेब. त्या हिशेबाने त्यांच्या हाती चार महिने आहेत. ‘पुढच्या महिन्यात वरिष्ठ फोन करतील’ असे संस्थेकडून वारंवार सांगितले जाते, त्यामागेही कित्येकदा हीच दोन वर्षे असतात, अशी माझी समजूत झाली आहे.

म्हणून लेकीने प्रथम कागद जमवावेत. करार, पावती, बँकेचा उतारा, माहितीपत्रक, मोबाईलवरचे संदेश. खोली मागितली आणि ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, ते प्रत्येक उत्तर मोलाचे आहे. आजवर सगळे फोनवरच झाले असेल, तर आता दोन-तीन वेगवेगळ्या तारखांसाठी ई-मेलने खोली मागावी, म्हणजे नकार लेखी मिळेल. त्या दिवशी हॉटेलात काय काय सांगितले गेले, ते बाबांनी आठवून स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे, आईंनीही वेगळे लिहावे. एखादा मुक्काम झाला असेल तर तो लपवू नये; विरुद्ध बाजू तो दाखवणारच.

त्यानंतर पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस पाठवावी. सोबतच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ही हेल्पलाईन हुकूम देऊ शकत नाही, संस्थेशी बोलून तडजोड घडवण्याचा प्रयत्न करते. त्यातूनही काही जणांची रक्कम परत येते. नाही आली, तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही; बाबांच्या वतीने लेक अधिकारपत्र घेऊन उभी राहू शकते. ई-जागृती या संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार दाखल होते आणि दूरदृश्य पद्धतीने सुनावणी मागता येते. मूळ रक्कम, व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च हे चारही अर्जात स्पष्ट मागावे. कायद्यात निकालाला तीन महिन्यांची मर्यादा सांगितली आहे; प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, हे आधीच धरून चालावे. आदेश होऊनही संस्थेने पाळला नाही, तर तुरुंगवासापर्यंतची शिक्षा आहे. मसुद्याला मदत हवी असल्यास 1975 पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत, अथवा आपल्या गावची ग्राहक संघटना यांचा सल्ला घ्यावा.

संस्थाच गायब झाली असेल, कार्यालयाला कुलूप असेल, तर तो फसवणुकीचा गुन्हा ठरू शकतो. पोलिसांकडे जावे. नुकतेच ऑनलाईन पैसे गेले असतील तर आधी 1930.

दोन सापळे अजून सांगायचे आहेत. पहिला असा, की ‘तुमची सदस्यत्वाची रक्कम आम्ही मिळवून देतो, आधी तेवढा कर भरा’ असे सांगणारा फोन येतो. त्याला आपले नाव, रक्कम, तारीख सारे ठाऊक असते. ही दुसरी फसवणूक होय; परताव्यासाठी आधी एक रुपयाही देऊ नये. दुसरा सापळा तडजोडीचा. थोडी रक्कम देऊ करून ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ अशा कागदावर सही मागतात. पैसे खात्यात जमा झाल्याखेरीज ती सही करू नका.

आता त्या भगिनीला, आणि तिच्या जागी असलेल्या प्रत्येक मुलाला व सुनेला. ‘एवढे शिकलेले असून असे कसे केलेत?’ हे वाक्य आपण पत्रात लिहिले आहे, आणि बाबांची झोप त्याच दिवसापासून उडाली, असेही पुढे लिहिले आहे. बाबांना आईच्या ऑपरेशनची तारीख रोज दिसते आहे. त्यांना फाईल हाती द्या. पावत्या तारखेप्रमाणे लावणे, जबानी लिहिणे, अर्जावर सही करणे ही कामे त्यांचीच राहू द्या, तुम्ही संगणकाजवळ बसा. आईंच्या शस्त्रक्रियेची तारीख मात्र या खटल्याला बांधून ठेवू नका. सरकारी योजनेतून वा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत काही मदत होते काय, याची चौकशी याच आठवड्यात करा. आणि करारावरची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा.